हिरव्या उतारावरची नोकरी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात परदेशातील हंगामी कामांची चर्चा करताना ऑस्ट्रेलियातील स्की-शाळांमध्ये घेतल्या जाणाऱ्या शिकाऊ प्रशिक्षकांचा उल्लेख मी जेमतेम एका परिच्छेदात केला होता. इतर सर्व कामांपेक्षा त्या एका परिच्छेदावरच अधिक पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच देत आहे. मी मूळची सांगलीची. लग्नानंतर कॅनबेऱ्यात आले, तेथे पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी, घरापासून अडीच तासांवर असलेल्या स्नोई माउंटन्समध्ये एक संपूर्ण हंगाम शिकाऊ प्रशिक्षक म्हणून काढला. पुढची पाच वर्षे शनिवार-रविवारी शिकवत राहिले. माझी उत्तरे त्या डोंगरांपुरती आहेत. युरोप किंवा कॅनडातील रीत वेगळी असू शकते.

प्रश्न : मी 24 वर्षांची असून वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. गेली तीन वर्षे सह्याद्रीत ट्रेक लीडर म्हणून काम करते. गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला चौदा दिवसांचा प्राथमिक स्की कोर्स केला आणि तेव्हापासून दुसरे काही सुचत नाही. पुढील हंगामात ऑस्ट्रेलियात शिकाऊ प्रशिक्षक म्हणून जाण्याची इच्छा आहे. व्हिसा, प्रमाणपत्र आणि खर्च यांविषयी मार्गदर्शन करावे. चौदा दिवस शिकून कोणी मास्तर होत नाही, असे घरच्यांचे म्हणणे आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या घरच्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि त्याकडे मी पुढे वळते. आधी व्हिसाचे पाहू, कारण तेथे आपल्या हातात फारसे काही नाही. ऑस्ट्रेलियाने 2024 पासून भारतीय पासपोर्टधारकांना ‘वर्क अँड हॉलिडे’ हा व्हिसा, म्हणजे उपवर्ग 462, खुला केला असून त्यात वर्षाला 1,000 जागा आहेत. वय 18 ते 30, बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरत्या इंग्रजीचा पुरावा आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर खात्यात असणे, या त्याच्या ढोबळ अटी आहेत. इच्छुक जागांच्या कितीतरी पट असल्यामुळे सोडत निघते आणि तीत नाव नोंदवण्याचे शुल्क 25 डॉलर आहे. म्हाडाच्या सोडतीत कधी नाव घातलेल्या कुटुंबाला हा प्रकार निराळा समजावून सांगावा लागणार नाही : अर्ज जरूर भरावा, पण त्याच्या भरवशावर चालू नोकरी सोडू नये. सोडतीत नाव काढून देतो असे सांगणारा एजंट भेटलाच, तर त्याला चहासुद्धा पाजू नये.

व्हिसा मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत देशात प्रवेश करायचा असतो आणि प्रवेशाच्या दिवसापासून बारा महिने राहता येते, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस पोहोचण्याचा बेत जमवता येतो. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ काम करता येत नाही. ही अट आपल्याला नडणार नाही, कारण तेथील हंगामच जूनच्या दुसऱ्या सोमवारच्या जोडसुट्टीला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या आरंभी आटोपतो. आपल्याकडे आषाढी वारी निघते, तेव्हा तेथे स्की-शाळांचे दरवाजे उघडत असतात.

आता कौशल्याकडे. चौदा दिवसांत आपण स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोके जवळ आणत मागची बाजू फाकवून वेग आवरत उतरणे, चांगले शिकला असाल आणि दोन्ही स्की समांतर ठेवून काही वळणेही घेतली असतील. शाळेची अपेक्षा याच्या पुढची असते. हिरवा उतार सर्वांत सोपा. निळ्या, म्हणजे मध्यम उतारावर, बर्फ कडक असो वा ओला, एकामागून एक समांतर वळणे सारख्याच वेगात घेता आली पाहिजेत आणि हव्या त्या जागी थांबता आले पाहिजे. त्यासाठी बर्फावरचे आणखी दिवस लागतात, त्याला पर्याय नाही. माझे मत असे, की आपण पुढचा हिवाळाही भारतातच घालवावा. गुलमर्गच्या संस्थेत किंवा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत पुढच्या टप्प्याचा कोर्स करावा आणि त्यानंतरच्या जूनचा विचार करावा. तोवर सोडतीचाही निकाल कळलेला असेल.

गुलमर्गचा बर्फ पाहून ऑस्ट्रेलियाची कल्पना मात्र करू नये. गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे आणि तेथील गोंडोला अफरवतच्या उतारावर जवळपास 4,000 मीटरपर्यंत नेतो. स्नोई माउंटन्समधील थ्रेडबो हे स्कीचे गाव 1,365 मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याच उंचीवर आहे. तेथलेच दुसरे स्की-केंद्र पेरिशर 1,720 मीटरवर, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडेसेच उंच. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचे सर्वोच्च शिखर कॉझिउस्को हे 2,228 मीटरचे. इतक्या कमी उंचीवर बर्फ टिकतो तो दक्षिण ध्रुवाकडून येणाऱ्या थंडीमुळे आणि रात्रभर चालणाऱ्या बर्फ-यंत्रांमुळे. हवा पुरेशी थंड आणि कोरडी असेल तेव्हाच ती यंत्रे चालतात, आणि भर जुलैत पाऊसही पडतो. हवेत तरंगावा असा गुलमर्गचा कोरडा बर्फ विसरून जावा. ऑस्ट्रेलियात सकाळी काचेसारखा कडक आणि दुपारी भिजलेल्या साखरेसारखा बर्फ असतो, आणि शिकण्याच्या दृष्टीने तो उत्तम, कारण तो कोणतीही चूक पोटात घालत नाही.

निवडीची पद्धत आपल्याकडील उमेदवारांना विचित्र वाटते. अनेक शाळा हंगामाच्या तोंडावर निवडीचे प्रशिक्षण ठेवतात, त्याचे पैसे उमेदवाराने भरायचे असतात आणि अखेरीस नोकरी मिळेलच अशी हमी नसते. निवड झाल्यावर एपीएसआय या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकांच्या संस्थेची पहिल्या पातळीची परीक्षा देता येते. अशा एकूण चार पातळ्या आहेत. मुलांना शिकवण्यासाठी पार्श्वभूमीची सरकारी तपासणी करून घ्यावी लागते आणि तिचा अर्ज तेथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच करावा.

पैशांविषयी. जुलै 2025 मध्ये देशाचे किमान वेतन ताशी 24.95 डॉलर झाले आणि बर्फाळ डोंगरांवरील कामगारांसाठी वेतनाचा स्वतंत्र कायदेशीर करार आहे. या व्हिसावरील कामगाराच्या वेतनातून पहिल्या डॉलरपासून 15 टक्के कर कापला जातो. एवढे वाचून आपण मनातल्या मनात आठवड्याचे 38 तास धरून गुणाकार केला असेल, तर तो खोडून टाकावा. शिकाऊ प्रशिक्षकाला जितके वर्ग मिळतात तितकेच तास भरतात. जूनमध्ये बर्फ नसला तर वर्गही नसतात, आणि घरभाडे मात्र त्याच तारखेला द्यावे लागते. खर्चात कात्री कोठेही लावावी, पण बुटांना लावू नये. स्की जुन्या चालतात, जाकीट शाळा देते, चष्मा उसना मिळतो. न बसणारा बूट मात्र नडगीची साल काढतो आणि चार महिन्यांचा हंगाम चार आठवड्यांत संपवतो. बूट भारतातून मागवू नयेत, तेथील जाणत्या दुकानात पाय दाखवून घ्यावेत.

आणि एक गोष्ट अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहावी, ती म्हणजे ट्रेक लीडरचे काम. कड्याच्या कोपऱ्यावर पाय थरथरू लागलेल्या माणसाला त्याचा पुढचा एक पाय कोठे ठेवायचा एवढेच सांगून खाली आणणे आपल्याला येत असेल, तर या नोकरीचा अवघड भाग आपल्याला आधीच येतो. उरलेला भाग स्कीचा, आणि तो बर्फ शिकवतो.

प्रश्न : माझे वय 29 आहे. स्की आणि स्नोबोर्ड यांपैकी काय निवडावे? दोन्ही अजून शिकलेलो नाही. — एक वाचक, मुंबई

उत्तर : स्नोबोर्डवर पहिले तीन दिवस माणूस सतत पडतो, मनगटे सांभाळावी लागतात, पण त्यानंतर प्रगती झपाट्याने होते. स्कीचे उलट आहे. पहिल्याच दिवशी उभे राहता येते आणि पुढे वर्षानुवर्षे शिकणे संपत नाही. नोकरीच्या दृष्टीने स्कीचे पारडे जड आहे, कारण अगदी लहान मुलांना बहुतेक वेळा स्कीच शिकवतात आणि शिकाऊ माणसाच्या वाट्याला लहान मुलेच येतात. मात्र आपण अजून काहीच शिकलेले नाही, तेव्हा आधी पंधरा दिवस बर्फावर काढावेत. वयाचे म्हणाल, तर व्हिसाच्या मर्यादेची चिंता आधी करावी, गुडघ्यांची नंतर.

प्रश्न : मी नागपूरचा, वय 26. जूनपासून जिंडाबाइन या स्नोई माउंटन्सच्या पायथ्याच्या गावात राहून एका स्की-शाळेत शिकाऊ प्रशिक्षक आहे. येताना वाटले होते की दिवसभर डोंगर आपलाच. प्रत्यक्षात जुलैचा संपूर्ण महिना चार-सहा वर्षांच्या मुलांबरोबर मॅजिक कार्पेटच्या आसपास गेला. सकाळी हजेरीच्या रांगेत उभे राहायचे आणि वर्ग मिळाला नाही तर परतायचे. मोजे चढवणे, नाके पुसणे, शौचालयात नेणे यातच दिवस जातो. माझे स्वतःचे स्कीइंग सुधारण्याऐवजी बिघडले आहे. घरी पाठवतो ते फोटो सुट्टीच्या दिवशीचे असतात. पहिल्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण झालो आहे, तरीही हे सोडून एखाद्या हॉटेलात काम धरावे काय? — एक वाचक, जिंडाबाइन

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात मला माझा पहिला जुलै दिसला. मॅजिक कार्पेट म्हणजे काय हे येथील वाचकांना सांगायला हवे. विमानतळावर सामान वाहून नेणारा पट्टा असतो तसाच, पण बर्फावर अंथरलेला आणि चढाकडे सरकणारा पट्टा. त्यावर स्की घालून उभे राहिले की तो नवशिक्याला शंभर-दीडशे पावले वर नेऊन सोडतो. नाव जादूच्या गालिच्याचे आणि वेग बैलगाडीचा. शिकाऊ प्रशिक्षकाचा पहिला हंगाम बहुधा त्याच्या काठावरच जातो.

त्याचे कारण कोणाचा आकस नसून हिशेब आहे. सकाळच्या रांगेत वर्ग वाटताना प्रमाणपत्राची पातळी, सेवेची वर्षे आणि नावाने मागणी करणारे विद्यार्थी, या क्रमाने वाटप होते. आपल्याकडे यातले तिसरे तर नाहीच आणि पहिले दोन जेमतेम आहेत. त्यातच न्यू साउथ वेल्सच्या शाळांना जुलैच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास सुट्टी असते, सिडनीहून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, आणि मोठी माणसे आपली मुले स्की-शाळेत सोडून स्वतः वर जातात. तेव्हा शाळेला जे हात कमी पडतात, ते तेथेच, पट्ट्याच्या काठावर. ऑगस्टच्या मध्यापासून, विशेषतः मंगळवार ते गुरुवार, चित्र बदलते. मुले शाळेत जातात, प्रौढ नवशिके येतात आणि वर्ग लहान होतात. पर्यवेक्षकाकडे जाऊन, तक्रारीच्या सुरात नव्हे तर विनंती म्हणून, प्रौढांचे वर्ग मागावेत. वर्ग न मिळालेल्या सकाळी खोलीवर परतण्याऐवजी एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाच्या वर्गामागे, त्याची परवानगी घेऊन, नुसते चालत राहावे. मी एका आठवड्यात अशा पाच वर्गांमागे राहिले. त्या पाच दिवसांचे वेतन मिळाले नाही, पण पुढे जे काही शिकवले ते बरेचसे त्यांतून आले.

स्कीइंग बिघडल्याच्या आपल्या समजुतीशी मी सहमत नाही. वेगात उतरताना शरीराचा रेटाच पुष्कळ चुका झाकून नेतो, आणि मुलांसमोर सपाट उतारावर, चालण्याच्या वेगाने स्नोप्लाऊ करून दाखवताना तो आधार उरत नाही. आपले वजन टाचांवर आहे, डावा पाय उजव्याइतका वळत नाही, वळणाआधी खांदे फिरतात, हे सारे तेव्हाच दिसू लागते. म्हणजे बिघाड नवा नाही, तो आधीपासून होता आणि आता दिसू लागला आहे. मला एका प्रशिक्षकाने सलग सहा दुपारी दुसरे काहीही करू न देता केवळ स्नोप्लाऊची वळणे घ्यायला लावली होती. मनातून मी त्याला शिव्या घालत होते. सातव्या दिवशी निळ्या उतारावर गेले, तेव्हा पायांखाली जणू दुसऱ्याच कोणाच्या स्की होत्या.

आता मुख्य गोष्ट. माणूस उताराला भितो तेव्हा मागे, डोंगराकडे झुकतो, कारण मागे झुकणे म्हणजे धोक्यापासून दूर जाणे, असे शरीराला जन्मापासून ठाऊक असते. स्कीवर हेच उलटते. मागे झुकताच वजन टाचांवर जाते, स्कीच्या पुढच्या भागाची पकड सुटते, वळण होत नाही, वेग वाढतो आणि भीती दुणावते. वाचायचे असेल तर ज्या दरीची भीती वाटते तिच्याकडेच झुकावे लागते. हे चाळीस वर्षांच्या अभियंत्याला आकृती काढून समजावता येते, आणि समजूनही त्याचे शरीर ऐकत नाही. पाच वर्षांच्या मुलाला आकृती चालत नाही. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड, पायांत जोर कमी आणि ‘वजन बाहेरच्या स्कीवर टाक’ या वाक्याचा त्याच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही. त्याला गुडघ्यांवर हात ठेवायला सांगावे. बुटाच्या पुढच्या भागाखाली लिंबू आहे, ते चिरडून रस काढ, असे सांगावे. डावीकडे वळायचे असेल तर उजव्या गुडघ्याला हात लाव म्हणावे, आणि तो वळतो. आपण महिनाभर जे करत आहात ते हेच आहे. मोजे आणि नाके ही त्याची किंमत.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, जो दोन दिवस पट्ट्यावर पाय ठेवायला तयार नव्हता. मी समजावले, चॉकलेटचे आमिष दाखवले, एकदा उचलूनही ठेवले, आणि ते माझे चुकलेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला इतर मुलांचे हातमोजे सांभाळण्याचे काम दिले आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाशी ते पोहोचवायला सांगितले. तो गेला. कामात गुंतल्यामुळे घाबरायचे राहून गेले, एवढेच. ही युक्ती प्रत्येकावर चालत नाही, आणि प्रत्येक मुलासाठी निराळी युक्ती शोधण्यात आपले मन रमते का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा असे मला वाटते.

रमत नसेल, तर हॉटेलातील काम मुळीच कमीपणाचे नाही. किंबहुना एक गुपित सांगते, जे शाळांच्या माहितीपत्रकात नसते : ज्याला स्वतःला पुष्कळ स्की करायची आहे, त्याने प्रशिक्षक होऊ नये, रात्रपाळीला भांडी घासावीत. संध्याकाळी पाच ते अकरा काम करणारी मुले सकाळी वर नेणाऱ्या पहिल्या चेअरलिफ्टपासून दुपारपर्यंत डोंगरावर असतात, त्यांचे तास ठरलेले असतात, पगार नियमित असतो आणि हंगामाच्या अखेरीस त्यांतील कित्येक जण प्रशिक्षकांपेक्षा सरस स्की करतात. प्रशिक्षकाला दिवसाकाठी एखादा तास स्वतःसाठी मिळाला तरी पुष्कळ. माझा सल्ला असा, की ऑगस्टचा शेवट गाठावा, प्रौढांचे निदान चार-पाच वर्ग घेऊन पाहावेत आणि मग निर्णय घ्यावा. तोवर घरी एक फोटो मॅजिक कार्पेटचाही पाठवावा. आई-वडिलांना खोटे सुख कळवण्याचा भार आपल्याला कामापेक्षा अधिक जाचत असावा, असे पत्रावरून वाटते.

सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी एक चक्कर मारावी. स्नोई जलविद्युत योजनेच्या धरणासाठी मूळचे जिंडाबाइन गाव साठच्या दशकात त्याच पाण्याखाली गेले आणि आपण राहता ते नंतर वसवलेले आहे. कोयना-पानशेतच्या मुलखातील माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. मला तेथे पहिल्यांदा आपलेपणा वाटला तो याच कारणाने.

प्रश्न : आमचा मुलगा या हंगामासाठी तिकडे जाणार आहे. आम्ही शाकाहारी. जेवणाचे काय, थंडीचे काय, आणि पाय मोडला तर पाहणार कोण? तो सगळ्याला ‘होईल गं’ म्हणतो. — एक आई, कोल्हापूर

उत्तर : वहिनी, तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी घेते. ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा भारतीय पाहुण्या कामगारांना लाभ मिळत नाही. कामाच्या वेळेत दुखापत झाली तर कामगार नुकसानभरपाईची योजना लागू होते आणि त्यासाठी व्हिसा कोणता आहे हे पाहिले जात नाही. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हौसेने उतरताना दुखापत झाली तर मात्र स्वतःचा विमा लागतो. साध्या प्रवास-विम्यात स्कीइंग वगळलेले असू शकते, किंवा आखलेल्या उताराबाहेरचे वगळलेले असते. तेव्हा चिरंजीवांना ‘होईल’ म्हणू देऊ नये, त्यांच्याकडून पॉलिसीची प्रत मागून वगळलेल्या बाबींचे पान वाचून घ्यावे. स्कीवर गुडघ्याचे अस्थिबंध आणि हाताच्या अंगठ्याचा सांधा यांना इजा अधिक होते, स्नोबोर्डवर मनगटाला. निघण्यापूर्वीचे दोन महिने त्यांनी उठाबशा आणि जिने यांना द्यावेत. कोल्हापुरात तालमींची वाण नाही.

थंडीपेक्षा ओल वाईट. पावसात सहा तास उभे राहिल्यावर एक हातमोजा वाळायला रात्र पुरत नाही, म्हणून हातमोज्यांचे तीन जोड हवेत. बुटात मात्र एकच पातळ मोजा. दोन जाड मोजे घातले तर रक्तपुरवठा आवळतो आणि पाय अधिक गार पडतात. बर्फावरून ऊन परावर्तित होते आणि हनुवटीच्या खालची कातडीसुद्धा भाजते, हे आपल्याकडच्या सावळ्या मुलांना खरे वाटत नाही. मलमाची नळी त्यांच्या खिशात राहील असे पाहावे.

जेवणाची काळजी सोडावी. जिंडाबाइनला मोठे किराणा दुकान आहे, डाळ-तांदूळ मिळतात, आणि एक छोटा कुकर सोबत असला की चार जणांच्या सामाईक घरात आपला मुलगा लोकप्रिय होईल. मेतकूट किंवा भाजणी द्यायचीच असेल, तर विमानातील कार्डावर ती जाहीर करायला सांगावी. तेथील विमानतळावरची तपासणी कडक असते, दुधाचे पदार्थ आणि अख्खी बियाणी यांवर विशेष कटाक्ष असतो, आणि न सांगता नेलेल्या पुडीचा दंड भाजणीच्या पोत्यापेक्षा महाग पडतो. तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. राहण्याच्या जागेची खटपट मात्र मार्चपासूनच करायला हवी. हंगामात खोल्या मिळत नाहीत, आणि न पाहता आगाऊ रक्कम पाठवण्याच्या फंदात पडू नये. मी स्वतः पहिल्या वर्षी अशीच रक्कम गमावली आणि तीन आठवडे एका मैत्रिणीच्या बैठकीत झोपले.

तो गाडी घेणार असेल, तर स्की-केंद्रांकडे जाणाऱ्या, कॉझिउस्को राष्ट्रीय उद्यानातील रस्त्यांवर हंगामात फोर-व्हील ड्राइव्ह नसलेल्या गाडीत चाकांच्या साखळ्या बाळगणे बंधनकारक आहे. पेरिशरला काम असेल तर डोंगराच्या पोटातून जाणारी दातेरी रुळांची रेल्वे आहे, तिने जाणे अधिक निवांत.

प्रश्न : माझे स्कीइंग चांगले आहे, पण इंग्रजी अडखळते. त्या देशात शिकवता येईल का? तेथे मराठी किंवा हिंदीचा काही उपयोग होतो का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : व्हिसापुरते इंग्रजी लागेलच. शिकवताना मात्र अधिक बोलणारा प्रशिक्षकच मागे पडतो. उतारावर उभ्या असलेल्या, गारठलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट कळते. परीक्षेतही परीक्षक हेच पाहतात, की आपण किती थोडक्यात सांगितले, स्वच्छ करून दाखवले, आणि मग विद्यार्थ्याला कितीदा करू दिले. पहिल्या परीक्षेत मी शिकवण्याच्या भागात नापास झाले, ते इंग्रजी कच्चे म्हणून नव्हे. चार मिनिटांच्या पाठात मी तीन मिनिटे भाषण केले म्हणून.

आपल्या भाषांचा उपयोग होतो. सिडनी आणि मेलबर्नहून बर्फ पाहायला येणाऱ्यांत भारतीय कुटुंबे पुष्कळ असतात. मुले तिकडच्या इंग्रजीत वाढलेली, पण पहिल्यांदाच स्की घातलेले आई-वडील घाबरले की मातृभाषेत घाबरतात. अशा वेळी मराठीत काय सांगायचे याचा विचार मी आधी केला नव्हता आणि पहिल्या वर्गात माझी पंचाईत झाली. स्कीच्या धारेला, इंग्रजीतल्या ‘एज’ला, ‘कड’ म्हटले की लगेच कळते, कारण विळीला, ताटाला, पत्र्यालाही कड असते. ‘फॉल लाइन’साठी मी ‘पाणी वाहील ती वाट’ म्हणू लागले. उतारावर तांब्या कलंडला तर पाणी जिकडून जाईल ती दिशा. तिला आडवे उभे राहिले की माणूस थांबतो, तिच्या दिशेने तोंड करून उभे राहिले की घसरतो. हे सांगितल्यावर पुण्याच्या एका निवृत्त आजोबांनी स्कीची टोके आपोआप आडवी केली, आणि मी पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले. नाशिकच्या शेतकरी कुटुंबातून आपण आला असाल तर पाण्याची वाट आपल्याला माझ्यापेक्षा चांगली दाखवता येईल. अर्ज मात्र वेळेत करावा. शाळांची भरती हंगामाच्या कितीतरी आधी, वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच सुरू झालेली असते.